नळावरचे तात्या

आमच्या गावात ग्रामपंचायतीच्या भिंतीला लागून एक सार्वजनिक नळ आहे. दोन तोट्या, खाली सिमेंटचा ओटा, आणि रस्त्याच्या पलीकडं माझं किराणा दुकान. म्हणजे दुकान उघडून गल्ल्यावर बसलं, की देवाच्या तसबिरीच्या आधी मला नळ दिसतो. आणि नळ दिसला, की अजूनही तिथं तात्या उभे आहेत असं वाटतं.

सकाळी पाणी सुटायच्या वेळेला तात्या यायचे. पांढरं धोतर, पांढरी टोपी, हातात चिंचेनं घासून लख्ख केलेला पितळी तांब्या. तोटी सोडायचे, पहिली धार वाहू द्यायचे, तांब्या विसळून भरायचे. मग ओट्यावर चढून, येणाऱ्या-जाणाऱ्याला नीट दिसेल अशा बेतानं मान मागं टाकायचे आणि वरून गटागटा पाणी प्यायचे. अख्खा तांब्या रिकामा. मग मिशा पुसून म्हणायचे, "गोड हाय." कुणाला म्हणायचे? कुणालाच नाही. समोर असायचो मी, दोन-चार शेळ्या आणि माजलगावहून आलेला जारचा टेम्पो.

हो, जारचा टेम्पो. खोटं कशाला सांगू, थंड पाण्याचे निळे जार माझ्याच दुकानात उतरतात आणि मीच ते विकतो. बाटल्याही विकतो. गावाला धरणाचं पाणी येतं, बहुतेकांच्या दारात आणि बाकीच्यांना ह्या नळावर, ते चांगलं आहे, तपासलेलं आहे. तरी जरा बरी स्थिती असलेला माणूस ते पीत नाही. त्या पाण्यानं तो भांडी घासतो, म्हैस धुतो, आणि पाहुणा आला की पोराला माझ्याकडं पिटाळतो. पाहुण्यापुढं नळाचं पाणी ठेवलं तर आपली इज्जत जाते असं आमच्या गावात आता पक्कं ठरलंय.

तर तात्या पाणी प्यायचे आणि लोक त्यांची चेष्टा करायचे. निवडणूक जवळ आली का, असं कुणी विचारायचं. यंदा निशाणी तांब्याच घेणार का, असं दुसरा म्हणायचा. तात्या हसायचे नाहीत आणि चिडायचेही नाहीत. तांब्या पालथा करून उरलेलं थेंबभर पाणी ओट्याकडच्या तुळशीला घालायचे आणि खाली मान घालून घरी जायचे. चेष्टेपेक्षा त्यांचं ते मुकाट जाणं मला लई लागायचं. कारण मी आधीचे तात्या पाहिलेले होते.

आधीचे तात्या म्हणजे त्र्यंबकराव सरपंच. गावातली निम्मी काळी जमीन त्यांच्या घरची. आवाज असा, की पंचायतीत बोलले तर माझ्या दुकानात ऐकू यायचं. समोरच्याचं वाक्य ते कधी पुरं होऊ द्यायचे नाहीत. "कळलं," म्हणायचे आणि निकाल देऊन मोकळे. बांधाची भांडणं असोत, सुनेचं माहेरी जाणं असो, तात्या म्हणले एवढं सांगितलं की विषय संपला. दोघं भाऊ कुऱ्हाडी घेऊन उभे राहिलेले मी पाहिलेत आणि तात्यांनी नुसतं "घरी जावा" म्हटल्यावर घरी गेलेलेही पाहिलेत. माणसाच्या शब्दाला एवढं वजन असावं का, हा प्रश्न तेव्हा कुणाला पडला नाही. आम्हाला ते बरंच वाटायचं, आपलं डोकं चालवावं लागत नव्हतं.

त्यांच्याकडं काशिनाथ नावाचा सालगडी होता. मनगटं लाकडासारखी, बोलणं कमी. ओढ्याकाठी तात्यांच्या आजोबांनी बांधलेली हीर आहे, तिचा गाळ दरसाल काशिनाथच उतरून काढायचा. वर आला की त्याचा चेहरा ओळखू यायचा नाही. मग तो तात्यांच्या ओसरीखाली उभा राहून ओंजळ करायचा आणि घरातलं कुणीतरी वरून पाणी ओतायचं. तांब्या त्याच्या हातात कधी दिला गेला नाही. आमच्याकडची जुनी रीत. कुणाला त्यात काही वाटायचं नाही. काशिनाथलाही वाटत नसावं, असं आम्ही आपलं धरून चाललो होतो.

पुढं सालगड्याच्या कामात भागेना, तेव्हा काशिनाथ आणि त्याची बायको सुभद्रा ऊसतोडीला जायला लागली. दसरा झाला की कारखान्याकडं, उन्हाळा लागला की परत. पण गावात असला की तात्यांचं काम पहिलं. बोलावणं यायची वाट बघायचा नाही.

नळयोजना तात्यांनीच आणली, हे त्यांचं श्रेय कुणी काढून घेऊ शकत नाही. बीडला खेटे घालून घालून त्यांच्या चपला झिजल्या. पहिल्यांदा पाणी आलं त्या दिवशी बायांनी तोटीला हळदकुंकू लावलं, तात्यांनी हार घातला. पाण्याला औषधाचा वास येत होता. कुणीतरी नाक मुरडलं, तेव्हा तात्यांनीच माईकवरून समजावून सांगितलं, की ही पावडर पाण्यातले जंतू मारायला घालतेत, वास आला म्हणजे समजायचं पाणी शुद्ध हाय. मग सगळ्यांच्या देखत पहिला पेला ते प्यायले आणि म्हणाले, "गोड हाय." आम्ही टाळ्या वाजवल्या.

ही गोष्ट मी मुद्दाम आधी सांगितली. कारण पुढच्या वर्षी त्यांच्या मुलानं, अविनाशनं, फाट्यावर जारचा प्लांट टाकला.

अविनाश वाईट पोरगा नव्हता. पण त्याचं काही धड होत नव्हतं. कोंबड्या मेल्या, रसवंती बसली, ट्रॅक्टरचं तसंच. बाप गावाचे निकाल लावतो आणि पोरगं फाट्यावर बसून असतं, हे तात्यांच्या जिव्हारी लागत असणार. प्लांट झाल्यावर पहिल्यांदा पोरगं सकाळी वेळेवर उठायला लागलं. पण गावात घेणार कोण? दारात नळ, नळाला धरणाचं पाणी.

अशातच ग्रामसभा झाली. सुभद्रा मागं बायांत बसलेली होती. तिनं उभं राहून विचारलं, नळाच्या पाण्याला अजून वास येतो, ते प्यावं का न प्यावं? साधा प्रश्न. उत्तर तर तात्यांनी आधीच माईकवरून दिलेलं होतं. पण तात्यांनी एकदा दाराकडं बघितलं. तिथं अविनाश चौकटीला टेकून उभा होता. मग ते सुभद्रेला म्हणाले, "सांडायला-धुवायला बेस हाय. प्यायला कशाला घेता? मुतखडा धरतो, गुडघे जातेत. प्यायचं तर जार घ्या. परवडत न्हाई त्यानं आमच्या हिरीचं न्यावं. आमची हीर काय कुणाला नको म्हणती का?"

सभेत माना हलल्या. पहिल्या दिवशी टाळ्या वाजवणारे आम्हीच, आणि माना हलवणारेही आम्हीच. मला त्या पावडरीचं आठवत होतं का? आठवत असणार. पण तात्या म्हणतात म्हणजे काहीतरी असेल, असं म्हणून मीही घरी गेलो, आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्या दुकानात जार उतरायला लागले.

ज्यांना झेपत होतं त्यांनी जार लावले. ज्यांना झेपत नव्हतं ते ओढ्याकाठच्या हिरीवर जायला लागले. हिरीचं पाणी पूर्वी खरंच चांगलं होतं. पण काशिनाथ ऊसतोडीहून उशिरा परतला त्या साली गाळ तसाच राहायचा, आणि वरच्या अंगाला वस्ती वाढून गटार ओढ्यात उतरलं होतं. हे काही गुपित नव्हतं, दिसत होतं. पण दिसलेलं आणि तात्यांनी सांगितलेलं यात आम्ही सांगितलेलं धरायचो.

पुढच्या उन्हाळ्यात ओढ्याकडच्या घरांतून कावीळ निघाली. बरेच जण बरे झाले. काशिनाथ झाला नाही. आधी त्यानं अंगावर काढलं, मग झाडपाला, मग बीडचा दवाखाना, आणि तिथून तो आला तो गाडीत आडवा. आरोग्य खात्याची माणसं येऊन पाणी घेऊन गेली. पुन्हा आली तेव्हा त्यांनी पंचायतीसमोर गाडी लावून सांगितलं, हिरीचं पाणी खराब आहे, नळाचं पाणी पिण्यालायक आहे, नळाचंच प्या. तात्या तेव्हा पंचायतीच्या पायरीवर उभे होते. ते हळूच खाली बसले आणि गाडी गेली तरी तिथंच बसून राहिले.

दहाव्याच्या दिवशी ते काशिनाथच्या घरी गेले. मीही होतो. सुभद्रा रडून रडून कोरडी पडलेली. तात्या दिसल्यावर तिनं पदर सारखा केला आणि अगदी सरळपणानं, त्यांना कळत असेल म्हणून विचारावं तसं, विचारलं, "आमी नळाला शिवलो बी न्हाई तात्या. तुमी सांगितल्यापून हिरीचंच आणत गेलो. तरी असं कावून झालं?"

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर तात्यांनी आवाज चढवला असता आणि सुटले असते. ते उठले आणि चालायला लागले. घरापर्यंत तसेच अनवाणी गेले, भर उन्हात. चपला सुभद्रेच्या दारात राहिल्या. त्या मी उचलून त्यांच्या घरी नेऊन दिल्या, तर त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

त्यानंतर तात्यांनी प्लांट बंद करायला लावला. बापलेकांचं जोरात वाजलं. अविनाश बायको-पोरं घेऊन माजलगावला गेला, आणि बापाशी बोलायचा बंद झाला. तात्यांना वाटलं असेल, आता गाव नळाकडं वळेल. कशाचं काय! दुसऱ्या आठवड्यात माजलगावचा टेम्पो आला. माणसाला एकदा जारची सवय लागली, की नळाकडं तो गरिबाच्या ताटाकडं बघावं तसं बघतो.

मग तात्यांनी ते नळावर पाणी पिणं सुरू केलं. पुन्हा सरपंचकीला उभे राहिले नाहीत. लोक म्हणायचे, तात्याला वेड लागलंय.

हीर झाकायचाही प्रयत्न त्यांनी केला. तोंडावर काट्या टाकल्या, वरून पत्रा. तर ओढ्याकडची माणसं चिडली. आता गरिबाची हीर पण बंद करायलेत, म्हणजे जार खपतील, असं उघड बोलायला लागली. प्लांट बंद झालेला, पोरगं घर सोडून गेलेलं, तरी लोक हेच बोलले. आणि काट्या काढायला सगळ्यांच्या पुढं कोण होतं, तर सुभद्रा. म्हणाली, माझ्या मालकानं दरसाल जीव धोक्यात घालून ह्या हिरीचा गाळ काढलाय, ती वंगाळ कशी असंल? सरकारी माणसाला काय, तो आज एक सांगतो, उद्या दुसरं. तात्यांनी सांगितलेलं आमी ऐकतो. हे तिनं तात्यांच्या तोंडावर सांगितलं, तात्यांच्या बाजूनं बोलतोय अशा समजुतीनं. तात्यांनी पत्रा काढून घ्यायला लावला.

सुभद्रेचा मुलगा आणि सून ऊसतोडीला जातात आणि नातवंडं तिच्यापाशी ठेवतात. ती पोरंही हिरीचंच पाणी पीत होती. तात्यांचा सगळा जीव त्या एका घरात अडकला होता. नळावरून रिकामा तांब्या घेऊन घरी जाताना ते वाट वाकडी करून ओढ्याकडून जायचे, पोरं हिंडती-फिरती आहेत का एवढं बघायला.

तात्यांच्या पुतणीचं लग्न माजलगावच्या मंगल कार्यालयात होतं. तात्यांच्या भावानं लहान लहान बाटल्यांचे ढीग आणून ठेवले होते. तात्यांनी भावाशी भांडून आपल्या नळाच्या पाण्याचे दोन पिंप नेले, त्यात वाळा टाकला, वर पांढरं फडकं बांधलं, आणि स्वतः ओगराळं घेऊन पंगतीच्या तोंडाशी उभे राहिले. गावाचे तात्या, नवरीचे चुलते, लोकांना म्हणतायत, "घ्या हो, चांगलं हाय, घ्या." कुणी घेईना. नवऱ्याकडचे एक पाहुणे तर म्हणाले, आमचा काय अपमान करायला बोलावलं का? भावानं येऊन हात जोडले. तात्या पिंपाजवळून हलले नाहीत, पण त्यांनी म्हणायचं बंद केलं. जेवणं उरकल्यावर लोकांनी खिशात एकेक बाटली घातली आणि निघाले. मी मुद्दाम जाऊन एक पेला मागून घेतला. तात्यांनी तो दिला खरा, पण माझ्याकडं असं बघितलं, की मला तो पेला घेतल्याचीच लाज वाटली. दया केलेली माणसाला कळते.

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात, एका सकाळी पाणी पिऊन झाल्यावर ते रस्ता ओलांडून माझ्या दुकानाच्या बाकड्यावर येऊन बसले. असं ते कधी करत नसत. मला त्या दिवशी कुठून धीर आला कोण जाणे. मी म्हटलं, "तात्या, रोज पिऊन दाखवता. एकदा सांगून टाका की."

"काय सांगू?"

"तुमाला ठाव हाय."

तांब्या त्यांनी बाकड्यावर ठेवला. मग म्हणाले, की अविनाशच्या जारात काय असायचं ते तुला सांगतो मामा. (सगळं गाव मला मामा म्हणतं, तात्यासुद्धा.) काविळीच्या त्या उन्हाळ्यात प्लांटची बोअर आटली, तेव्हा त्यानं नळाचंच कनेक्शन ओढून घेतलं होतं. नळाचंच पाणी, गार केलेलं. म्हणजे ज्यांना परवडत होतं ती सगळी घरं नळाचंच पाणी पीत होती आणि ठणठणीत होती. नळाचं पाणी पिऊ नका हे तात्यांचं सांगणं ज्यांनी खरोखर पाळलं, ती फक्त काशिनाथसारखी घरं.

 "मग सांगा ना सुभद्रेला," मी म्हटलं.

"लई बारीक गोष्ट हाय मामा. दोन शब्द. पर तोंडातून निघत न्हाईत," तात्या म्हणाले. "रोज म्हणतो आज सांगतो. आन तांब्या उचलतो."

त्यानंतर काही दिवस ते नळावर आले नाहीत. मला वाटलं, आपण उगाच बोललो, म्हाताऱ्याचं उरलंसुरलं पण काढून घेतलं.

मग आखिती आली. अक्षय तृतीयेला आमच्याकडं पितरांच्या नावानं मातीची केळी पाण्यानं भरून पुजतात. लहान घागरच ती. वर कैरी नाहीतर खरबूज ठेवायचं, नैवेद्य दाखवायचा. उन्हाळ्यात गेलेल्या माणसांना तहान लागू नये म्हणून. भर दुपारी सुभद्रा दुकानात आली आणि म्हणाली, मामा, एक गार बाटली द्या. मी सवयीनं चेष्टा केली, पितरं पण आता बाटलीचं मागायलेत का म्हणून. ती हसली नाही. म्हणाली, तात्या घरी आलेत.

मी म्हटलं, अगं, ते तर नळाचं पितात, तुला माहीत नाही का? ती म्हणाली, नळावर पितात ते त्यांचं त्यांनी. माझ्या घरात आल्यावर मी त्यांना काय देऊ? आमच्या माठातलं त्यांनी कधी घेतलंय का? बंद बाटली असली म्हणजे त्यांनाही संकोच नाही, मलाही नाही. हे ती रागानं म्हणाली नाही, बाजारातला भाव सांगावा तसं म्हणाली. मग म्हणाली, तुमीच घेऊन चला, माझ्या हातून घेतील का न्हाई कुणास ठाऊक. मी फ्रीजमधली बाटली काढली आणि तिच्या मागं निघालो.

तात्या दारातल्या बाजेवर बसले होते. नातवंडं आत जेवत होती. उंबऱ्याजवळ पाटावर केळी मांडलेली, वर कैरी, हळदकुंकू, बाजूला पुरणपोळीचं पान. तात्या त्या केळीकडंच बघत होते. मी बाटली पुढं केली, तर त्यांनी हातानं नको म्हटलं.

"हिच्यात पाणी कुठलं घातलंस, सुभद्रे?"

"हिरीचं. दुसरं कुठलं घालू? त्यांच्या हातची हीर, त्यांच्या नावानं तेच घालावं ना."

तात्यांनी टोपी काढली. मी जन्मात पहिल्यांदा त्यांचं उघडं डोकं बघितलं. लहान होतं, आणि घामानं ओलं झालेलं. टोपी त्यांनी मांडीवर ठेवली, पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली. मग त्या दोन शब्दांच्या जागी त्यांच्या तोंडातून बरेच निघाले.

"सुभद्रे, मी खोटं बोललो व्हतो. नळाचं पाणी चांगलं व्हतं. मला पक्कं ठाव व्हतं. पोराचे जार खपावेत म्हणून तुला सभेत तसं सांगितलं. हीर खराब झालीय, हे बी मला दिसत व्हतं. माझ्या शब्दानं काशिनाथ गेला."

सुभद्रा ओरडली नाही, रडली नाही. चुलीवर काही ठेवलेलं आठवावं तशी घराच्या आत बघत राहिली. आतून पोरांच्या पेल्यांचा आवाज येत होता. मग ती माझ्याकडं वळली आणि म्हणाली, मामा, तुमाला ठाव होतं? मी बाटलीवरच्या थेंबांकडं बघत राहिलो. त्यातच तिला काय कळायचं ते कळलं.

तात्या म्हणाले, "माठातलं पाणी दे मला. काशिनाथनं पेलं तेच."

"न्हाई," सुभद्रा म्हणाली. "ते आता कुणीच पिणार न्हाई." आणि मग हळू आवाजात, "ह्ये तवाच सांगायचं व्हतं तात्या. ते निजून व्हते तवा तरी."

मग तिनं माझ्या हातातली बाटली घेतली आणि तात्यांच्या हातात दिली. म्हणाली, घ्या, दारात आलेल्या माणसानं पाण्याबिगर जाऊ नये. आणि आत गेली. माठ ओतल्याचा आवाज आला. पोरांनी काय झालं, काय झालं म्हणून गलका केला. आम्ही दोघं बाहेरच होतो. तात्यांनी टोपी घालायचं विसरून ती बाटली दोन्ही हातांत धरली होती.

तात्या त्यानंतर फार दिवस राहिले नाहीत, पावसाळ्यात गेले. मधल्या दिवसांत ते घराबाहेर पडले नाहीत, त्यामुळं मी त्यांना शेवटचं बघितलं ते त्याच संध्याकाळी. सुभद्रेच्या घरून ते घरी गेलेच नव्हते. पंचायतीजवळ येऊन नळाच्या ओट्यावर बसले होते. ती बंद बाटली मांडीवर, टोपी खिशात. बाटली उघडलीही नाही आणि नळाला तोंडही लावलं नाही. रस्त्यानं जाणाऱ्या एकानं चेष्टा केली, शेवटी बाटलीवरच आलात का तात्या, म्हणून. 

संध्याकाळचं पाणी सुटायच्या वेळेला सुभद्रा आली. डोक्यावर रिकामा हंडा, कमरेवर तीच मातीची केळी, हळदकुंकू लावलेली. तात्या चटकन उठले, ओट्यावरून खाली उतरून बाजूला उभे राहिले. मी दुकानातून बघत होतो. तिनं केळी धुतली, नीट तीनदा-चारदा विसळली, भरली आणि बाजूला ठेवली. मग हंडा तोटीखाली लावला. हंडा भरेपर्यंत ती पाण्याच्या धारेकडं बघत उभी होती. तात्या तिच्या पायांकडं बघत उभे होते.

आमच्याकडं भरलेला हंडा बाईनं एकटीनं उचलायचा नसतो. जवळ जो असेल तो हात लावतो. ओळख असो-नसो, भांडण असो-नसो, हाताला हात लागतोच. हंडा भरला तसा तात्यांनी बाटली ओट्यावर ठेवली आणि हात पुढं केला. त्यांनी आजवर कुणाच्या हंड्याला हात लावल्याचं मी पाहिलेलं नव्हतं. मीही गल्ल्यावरून उठलो, रस्ता ओलांडला आणि हात पुढं केला.

सुभद्रेनं दोघांकडंही बघितलं नाही. ती खाली बसली. हंडा आधी गुडघ्यावर घेतला, तिथून छातीशी, मग दात-ओठ खात डोक्यावर. उठताना तिचा तोल गेला, पाणी हिंदकळून तिच्या तोंडावर आणि पदरावर सांडलं. तिनं एका हातानं केळी उचलून कमरेवर घेतली आणि ती ओढ्याच्या वाटेला लागली.

तात्यांचा हात तसाच पुढं होता. माझाही.